सीडींचं कपाट संगणकात नेताना

सीडींवरचं संगीत संगणकात उतरवायला पहिली सीडी कुठली घ्यायची, ते आधी ठरवा. बहुतेक जण सर्वांत आवडती घेतात. माझं सांगणं असं, की घरी किंवा दुकानात बर्न केलेल्या सीडी आधी घ्या. त्यांची पाठ हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते, लगेच ओळखू येतात.

आप्पांनी २००३ साली सांगलीतल्या एका दुकानातून जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. घरगुती बैठका, देवळातली भजनं, आमच्या आत्याचं गाणं. अशा ११ सीडी. २०२२मध्ये मी त्या हातात घेतल्या तेव्हा दोन अजिबात वाचल्या गेल्या नाहीत आणि तिसरीची शेवटची वीस मिनिटं गेली होती. कंपनीच्या छापील सीडीत साच्याने प्लॅस्टिकवर बारीक खड्डे उमटवलेले असतात. बर्न केलेल्या सीडीत खड्डे नसतात, एका रंगाचा थर असतो आणि लेसरने तो जागोजागी बदललेला असतो. हा रंग ऊन, उकाडा आणि दमट हवेने विटत जातो. छापील सीडी कुणाकडून तरी उसनी आणता येते. आत्याचं गाणं दुसऱ्या कुणाकडे नाही.

मी ठाण्याला राहते, ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. घरात एकूण ४१२ सीडी आहेत, त्यातल्या दीडशेहून जास्त आप्पांच्या. निवृत्तीनंतर आषाढात हे काम हाती घेतलं आणि दिवाळीत संपवलं. रोज चार सीडी, मध्ये काही दिवस सुट्टी. हा वेग चांगला आहे. रोज दहा करायला गेलात, तर सीडी वाचल्या जातील, पण नावं लिहिण्यात घाई होईल. आणि या सगळ्या कामात नावं लिहिणं हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. का ते सांगते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यात आलं. सीडींच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या तीन दिवस पाण्याखाली होत्या. ६३ सीडी चिखलात गेल्या. त्यातल्या ५८ आज माझ्या संगणकात एकही चूक न येता उतरलेल्या आहेत, कारण छापील सीडीच्या प्लॅस्टिकला पाण्याने काही होत नाही. पण डबीतल्या पुस्तिकांचा लगदा झाला. कोण गातंय ते आवाजावरून कळतं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर कोण बसलं होतं, बैठक कुठे आणि कुठल्या साली झाली, हे त्या कागदावर होतं आणि ते गेलं. काही नावं शोधायला मला वर्ष लागलं, काही अजून सापडलेली नाहीत. म्हणून तुमच्या पुस्तिका कोरड्या आणि वाचण्याजोग्या आहेत तोवर हे करून घ्या.

धुणं आणि पुसणं

साधी धूळ असेल तर मऊ सुती कापड पुरतं. चिकट डाग किंवा बुरशीचे ठिपके असतील तर नळाच्या बारीक धारेखाली धरा, भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, स्वच्छ धुवा आणि सावलीत उभी करून वाळवा. उन्हात ठेवू नका. पुसताना मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. सीडीवरचा ट्रॅक गोल फिरत जातो. त्याच्या दिशेने ओरखडा पडला, तर सलग माहिती नाहीशी होते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला अगदी छोटा तुकडा खातो आणि तेवढा भाग भरून काढण्याची सोय सीडीच्या रचनेतच आहे. ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान गणिताने पूर्ण दुरुस्त होतं.

आणखी एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. सीडीची नाजूक बाजू वरची, छापील चित्राची. खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे. वरून मात्र चकाकणाऱ्या थरावर फक्त वार्निश आणि शाई. त्या बाजूला खरचटलं तर तिथलं संगीत परत येत नाही. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढ्या भोकांतून उजेड दिसला तर नुकसान वरच्या बाजूने झालेलं आहे, खालून कितीही पुसून उपयोग नाही. पुरातल्या माझ्या पाच सीडी अशाच गेल्या. कागद सीडीला चिकटला होता आणि मी पहिल्या दिवशी घाईने तो ओढून काढला, त्याबरोबर थरही निघाला. बाकीच्या मग परातीत पाण्यात ठेवल्या. कागद आपोआप सुटेपर्यंत कधी चार तास, कधी रात्रभर.

बर्न केलेल्या सीडीवर गोल स्टिकर लावलेला असेल तर कोपरा सुटलेला दिसला तरी तो सोलू नका. आहे तशी वाचून घ्या. टूथपेस्ट लावायचा सल्ला खूप जण देतात. लावू नका.

डबीतून काढताना सीडी वाकवू नका. मधली दातेरी कळ अंगठ्याने दाबली, की सीडी सुटून वर येते.

ड्राइव्ह

नव्या लॅपटॉपमध्ये सीडीची खाच नसते. युएसबीचे पातळ ड्राइव्ह बाजारात सहज मिळतात आणि चालतात. ते थेट संगणकाच्या पोर्टला जोडा, चार गोष्टी लावलेल्या हबला नको. त्यांना लागणारी वीज हबमधून कधी कमी पडते, आणि मग चांगली सीडीसुद्धा अडखळते. त्यापेक्षा जुन्या डेस्कटॉप संगणकातला मोठा ड्राइव्ह मिळाला तर तो घ्या, युएसबीला जोडायची पट्टी वेगळी मिळते. माझ्याकडे दोन्ही आहेत. एकाने हात टेकले ती सीडी दुसरा कितीदा तरी मुकाट वाचतो, आणि हे उलटही घडतं. म्हणून खराब सीडी बाजूला ठेवायच्या आधी ड्राइव्ह बदलून बघा.

उतरवणं

ऑडिओ सीडीवर फाइली नसतात. संगीत सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापं), १६ बिट, दोन बाजू अशा रांगेत सलग पडलेलं असतं. संगणकाच्या डेटा सीडीत चूक पकडायचा एक जास्तीचा थर असतो, ऑडिओ सीडीत तो नसतो. त्यामुळे एखादा नमुना वाचता आला नाही, तर ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो आणि तुम्हाला काही कळवत नाही. साध्या प्रोग्रॅमने उतरवलं तर तो अंदाज कायमचा तुमच्या फाइलमध्ये बसतो.

यासाठी वेगळे प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, ज्याला सगळे ईएसी म्हणतात. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. तिन्हींना पैसे पडत नाहीत. मी ईएसी वापरते. पहिल्यांदा उघडल्यावर तो तुमचा ड्राइव्ह तपासून घेतो. त्यासाठी एखादी निर्दोष, पुष्कळ खपलेली सीडी घाला. वाचनाची पद्धत 'सिक्युअर' निवडा. त्यानंतर मेन्यूत 'टेस्ट अँड कॉपी' असतं, नेहमी तेच वापरा. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचनांचा एक आठ अक्षरांचा आकडा निघतो. दोन आकडे जुळले, तर वाचन भरवशाचं.

याशिवाय अक्युरेटरिप नावाची एक सामायिक यादी आहे. जगभरातल्या लोकांनी तीच सीडी उतरवल्यावर कुठला आकडा आला, ते त्यात असतं. तुमचा आकडा त्यांच्याशी जुळला, तर शंकेला जागा नाही. मोठ्या कंपन्यांच्या, परदेशी विकल्या गेलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी तिथे बऱ्याच सापडतात. पण पुण्या-मुंबईतल्या छोट्या प्रकाशनांच्या नाट्यसंगीत, अभंग, भावगीतांच्या सीडी पुष्कळदा सापडत नाहीत. 'यादीत नाही' असा शेरा आला, की वाचन चुकलं असा अर्थ घेऊ नका. तुमच्या आधी ती कुणी नोंदवलेली नाही, एवढंच. तिथे आपले दोन आकडे जुळले की पुरे.

काम झाल्यावर ईएसी एक लॉग फाइल, म्हणजे वाचनाची नोंद देतो. ती गाण्यांच्या फोल्डरमध्येच ठेवा. तीन वर्षांनी एका ठिकाणी कट्ट असा आवाज आला, तर तो मूळ सीडीत आहे की वाचताना आला, ते या लॉगवरून कळतं.

एक सीडी सहा ते पंधरा मिनिटं घेते. खरचटलेली असेल तर दोन तासही. ड्राइव्ह एकाच जागी करकर करत अडकला, तर थांबवा, सीडी काढा, पुन्हा धुवा आणि दुसऱ्या दिवशी लावा.

कुठल्या रूपात ठेवायचं

फ्लॅक. यावर मी फार वाद घालत नाही. फ्लॅकमध्ये संगीतातला एक बिटही टाकला जात नाही, फक्त घट्ट बांधलं जातं आणि ऐकताना पूर्ण उलगडतं. एमपी३मध्ये काही भाग कायमचा टाकून दिला जातो. २००९ साली मी ९० सीडी संगणकाबरोबर आलेल्या प्रोग्रॅमने एमपी३ करून ठेवल्या होत्या, त्याने जी निवड दाखवली ती तशीच स्वीकारून. चांगल्या स्पीकरवर तंबोऱ्याचा जोडीचा षड्ज ऐकला तेव्हा तो पाण्यातून येतोय असं वाटलं. त्या ९० सीडी पुन्हा पहिल्यापासून केल्या. फक्त ॲपलची उपकरणं असतील तर ॲपल लॉसलेस घ्या, त्यातही काही जात नाही आणि पुढे कधीही फ्लॅकमध्ये बदलता येतं.

जागा किती लागते? ७० मिनिटांची सीडी न बांधता साधारण ७४० मेगाबाइट होते, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्मी किंवा थोडी जास्त. जुन्या, एकाच मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांच्या फाइली मला कितीतरी लहान मिळाल्या. सीडीवर डावी-उजवी बाजू अगदी सारखी असेल तर फ्लॅक ते ओळखतो आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ जागाच देत नाही. माझ्या सगळ्या सीडी मिळून १३० जीबीच्या आसपास झाल्या.

नावं

सीडीवर गाण्यांची नावं बहुतेक वेळा नसतातच. संगणकात घातल्यावर जी नावं येतात, ती इंटरनेटवरच्या याद्यांतून येतात, आणि सीडीची ओळख पटवली जाते ती कुठला ट्रॅक कितव्या क्षणाला सुरू होतो त्यावरून. बारा गाण्यांच्या सीडीला ही ओळख पुरेशी आहे. पण आपल्या ख्यालाच्या कितीतरी सीडींवर दोनच ट्रॅक असतात, कधी एकच. एका ट्रॅकच्या सीडीची ओळख म्हणजे फक्त तिची एकूण लांबी. माझ्या मारवा रागाच्या सीडीला एकदा कुठल्याशा परदेशी नाचाच्या संगीताचं नाव आलं, चित्रासकट. त्यामुळे आलेलं नाव कधीही न वाचता स्वीकारू नका. बरोबर सीडी सापडली तरी रागाचं स्पेलिंग टाकणाऱ्याने मनाला येईल तसं टाकलेलं असतं.

मी सगळं देवनागरीत लिहिलं. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत माहिती लिहायच्या घरांत, युनिकोड चालतं आणि देवनागरी अक्षरं तशीच बसतात, त्यामुळे अडचण येत नाही. गाडीतल्या जुन्या प्लेअरवर चौकोन दिसतात, ते मी सोडून दिलं. रोमनमध्ये लिहिलं असतं, तर मालकंसाची चार स्पेलिंगं सांभाळत बसावं लागलं असतं. पण देवनागरीतही शिस्त लागते. मालकंस की मालकौंस, भीमपलास की भीमपलासी, पूरिया की पुरिया? कुठलंही घ्या, पण एकच. मी वहीचं एक पान यासाठी ठेवलं आणि प्रत्येक नवा राग आला की आधी तिथे बघितलं. कळफलकाची एक खोच आहे, तिने माझे दोन दिवस खाल्ले. 'तंबोऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे, पण शोधताना संगणक एकाला दुसरा मानत नाही. 'ॲ'चंही तेच, एक अक्षर म्हणून वेगळं आणि अ वर चंद्र देऊन वेगळं. म्हणून सगळं एकाच यंत्रावर, एकाच कळफलकाने लिहा, फोनवर अर्धं आणि लॅपटॉपवर अर्धं नको.

टॅग लिहायला विंडोजवर एमपी३टॅग चांगला आहे. नावात एमपी३ असलं तरी फ्लॅकही हाताळतो. त्यात आपल्याला हवी ती जास्तीची घरं तयार करता येतात. मी राग, ताल, तबला, पेटी, सारंगी, तंबोरा आणि बैठक अशी घरं केली. मात्र फोनवरच्या आणि टीव्हीवरच्या बऱ्याच ॲपना ही घरं दिसत नाहीत, ती फक्त शीर्षक दाखवतात. म्हणून राग आणि ताल शीर्षकातही लिहा. माझं शीर्षक असं असतं: 'यमन, विलंबित एकताल', पुढे बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द.

कलाकाराच्या घरात पंडित, उस्ताद, विदुषी लिहू नका. हे लिहिताना मलाही जड गेलं. भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर ही नावं नुसती लिहायची सवय आपल्या हाताला नाही. पण अक्षरक्रम लावला की 'पं.' लिहिलेले सगळे एका गठ्ठ्यात प खाली जातात, आणि एका सीडीवर 'पं.' दुसरीवर 'पंडित' असेल, तर एकाच गायकाचे दोन गायक होतात. आदर मी अल्बमच्या नावात ठेवला, तिथे पुस्तिकेवर जसं छापलंय तसं पूर्ण लिहिलं.

जुगलबंदी असेल तर 'अल्बम कलाकार' या घरात दोन्ही नावं एकत्र, एकाच क्रमाने लिहा. नाट्यसंगीत आणि भावगीतांच्या संग्रहात अल्बम कलाकार म्हणून 'विविध' लिहा आणि गायक, कवी, संगीतकार प्रत्येक गाण्याला वेगळे द्या. हे केलं नाही तर वीस गाण्यांचे पंधरा अल्बम दिसू लागतात. संचात चार सीडी असतील तर सीडी क्रमांकाचं घर भरा, नाहीतर चारही सीडींचे पहिले ट्रॅक एकापाठोपाठ वाजतात.

सालाबद्दल जपा. याद्यांमध्ये सीडी निघाल्याचं साल असतं. कुमार गंधर्वांची बैठक सत्तरच्या दशकातली आणि सीडी नव्वदच्या दशकातली, असं सर्रास असतं. गायकाचा आवाज कुठल्या वयातला आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. ध्वनिमुद्रणाचं साल माहीत असेल तर ते लिहा, नसेल तर घर रिकामं सोडा.

आता पुस्तिका. प्रत्येक पान ३०० डीपीआयने स्कॅन करा, किंवा खिडकीजवळ सपाट ठेवून फोनने स्वच्छ फोटो घ्या. मागच्या बाजूची यादीही घ्या, डबीच्या कडेचा क्रमांकही घ्या. तंबोऱ्यावर साथ करणाऱ्यांची नावं बारीक अक्षरात शेवटी असतात. ती टाइप करा. त्यांतले काही पुढे स्वतः मोठे गायक झाले आणि गुरूच्या मागे बसून त्यांनी दिलेला स्वर त्या सीडीत आहे.

माझ्या बुडालेल्या पुस्तिकांतली नावं मी अशी मिळवली. एका मैत्रिणीकडे त्यातल्या सतरा सीडी शाबूत होत्या, तिने पानं फोनवर पाठवली. काही सीडी प्रत्यक्ष मैफलीच्या होत्या, त्यांत सुरुवातीला निवेदकाचा आवाज होता आणि त्याने साथीदारांची नावं घेतली होती. एकीत गायकाने मध्येच तबलजींना नावाने दाद दिली होती. म्हणून सांगते, निवेदन, तंबोरे जुळवणं, टाळ्या यातलं काहीही कापू नका. आणि नाव ऐकून अंदाजाने लिहिलं असेल, तर टिपेच्या घरात 'ऐकून' असं लिहा. छापील माहिती आणि आपला तर्क यांची सरमिसळ झाली, की पुढे दोन्हींवर विश्वास ठेवता येत नाही.

विलंबितातून द्रुतात जाताना

सीडी काढणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी ख्यालाचे दोन ट्रॅक केलेले असतात, एक विलंबितचा, एक द्रुतचा. मधे शांतता नसते. तंबोरा चालूच असतो, तबलजी लय उचलतो, आणि नेमका तिथे ट्रॅक बदलतो. प्लेअरने तिथे अर्ध्या सेकंदाची फट पाडली, तर तंबोरा तुटतो आणि समेवर यायच्या आतच ऐकणारा जागा होतो. फ्लॅक फाइलीत ही फट नसते, पहिल्या ट्रॅकचा शेवटचा नमुना आणि दुसऱ्याचा पहिला अगदी चिकटून असतात. एमपी३मध्ये मात्र सुरुवातीला आणि शेवटी थोडी पोकळी भरली जाते. त्यामुळे फ्लॅक घेतलात की अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं प्लेअरचं. त्याच्या माहितीत 'गॅपलेस' लिहिलेलं आहे का बघा आणि घ्यायच्या आधी अशाच एका जोडावर तंबोरा ऐकून परीक्षा करा. 'क्रॉसफेड', म्हणजे एक ट्रॅक विरत असताना त्यात दुसरा मिसळणं, बंद ठेवा.

वाजवणं

याला लोक सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा देतात, खरं तर हे सोपं आहे. संगणकातले आकडे विद्युत लहरीत बदलणारा भाग म्हणजे डॅक. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकामागेही तो असतो, पण तिथे पंख्याची, डिस्कची खरखर मिसळू शकते. युएसबीने जोडायचा छोटा वेगळा डॅक घ्या आणि तो तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेल्या जागी लावा. माझा ॲम्प्लिफायर १९९६चा आहे, तोच चालू आहे. पैसे उरले तर ते स्पीकरवर घाला.

विंडोजवर वाजवणार असाल तर फूबार२००० हा प्रोग्रॅम घ्या आणि आवाज 'एक्स्क्लुझिव्ह' पद्धतीने डॅककडे पाठवा. एरवी विंडोज सगळे आवाज एकत्र कालवतं, ४४,१०० नमुन्यांचे ४८,००० करतं आणि मेल आल्याची टिंग मारव्यात घालतं.

मी लॅपटॉप दिवाणखान्यात ठेवत नाही. पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय संगणक घेतला, त्यावर मूड ऑडिओ ही फुकट प्रणाली टाकली, संगीत एका छोट्या एसएसडीवर. त्याला पडदा नाही, पंखा नाही. फोनच्या ब्राउझरमधून कुठला अल्बम लावायचा ते निवडते, आणि तिथे देवनागरी नीट दिसते. बंद करताना मात्र फोनवरून रीतसर बंद करा, प्लग ओढून नको. त्याच्या मेमरी कार्डवरची प्रणाली बिघडते. वीज जात-येत असेल तर राउटरसाठी मिळतो तसला छोटा बॅकअप चालतो का ते बघा. रास्पबेरी पायला लागणारा विजेचा दाब (व्होल्टेज) आणि प्रवाह त्यावर छापलेल्या आकड्यांशी जुळवून घ्या.

लॅपटॉप जोडल्यावर स्पीकरमधून सलग गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. सगळी उपकरणं भिंतीच्या एकाच सॉकेटवरून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती जीव वाचवते.

ब्लूटूथ स्वयंपाकघरात ठीक आहे.

प्रती

पहिला एक्सटर्नल डिस्क माझ्या हातून टेबलावरून पडला तेव्हा १४० सीडींचं काम त्यावर होतं. दुसरी प्रत होती म्हणून हे काम आज पूर्ण झालेलं आहे. आता तीन प्रती आहेत: वाजवायची एसएसडी, कपाटातला एक हार्ड डिस्क, आणि एक नाशिकला मुलीच्या घरी. दिवाळीला ती येते तेव्हा तिचा डिस्क आणते, मी नव्या फाइली भरून देते. पुराने मला शिकवलं, की दोन प्रती एकाच घरात असल्या तर दोन्ही एकाच पाण्यात जातात.

नुसती प्रत असून भागत नाही, ती तपासायची. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एक ठसा साठवलेला असतो. फ्लॅकच्या चाचणीत फाइल उलगडून तो ठसा ताडून पाहिला जातो. फूबारमध्येही ही तपासणी आहे. वर्षातून एकदा रात्री लावून ठेवा, सकाळी निकाल मिळतो.

कायद्याचंही बघून ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी, वैयक्तिक वापराला मुभा आहे. आपल्या सीडी आपल्या ऐकण्यासाठी उतरवणं वेगळं, आणि अख्खा डिस्क व्हॉट्सॲपच्या गटात वाटणं वेगळं. अजूनही शास्त्रीय संगीत छापणारी मोजकी प्रकाशनं चिकाटीने तगून आहेत. मित्राला एखादा राग आवडला, तर त्याला सीडीचं नाव सांगा.

मूळ सीडी फेकू नका आणि विकू नका. झालेल्या प्रत्येक सीडीच्या पुस्तिकेच्या आतल्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने तारीख घातली आहे. पेन्सिलच घ्या, मार्करची शाई सीडीवर तर मुळीच नको. न वाचलेल्या पाच पुरातल्या आणि बर्न केलेल्या दोन अशा सात सीडीही डबीत घालून ठेवल्या आहेत, डबीवर चिठ्ठी लावून. नवा ड्राइव्ह हाती आला की त्या पुन्हा लावून बघते. गेल्या मार्चमध्ये त्या बर्न केलेल्या, आत्याच्या दोन सीडींपैकी एक एका जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये चौदा मिनिटं वाचली गेली. तेवढं उतरवलं, राग लिहिला, ताल लिहिला, आणि तंबोऱ्याच्या घरात आईचं नाव लिहिलं. आता सगळ्या सीडी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर आहेत.